न दिसणारा धूर

दिवाळी आली की हवेची चर्चा फटाक्यांपाशी सुरू होते आणि तिथेच विझते. फटाक्यांचा धूर दिसतो, म्हणून त्यावर बोलणे सोपे जाते. आम्हाला यंदा न दिसणाऱ्या ओझोनविषयी बोलायचे आहे.

आकाशात उंचावर हाच वायू आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. जमिनीलगत तो दमेकऱ्याचा श्वास कोंडतो, गव्हा-सोयाबीनचे पीक घटवतो. आणि तो कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून ओझोन बनतो. एरवी उरलेला नायट्रिक ऑक्साइड त्याला पुन्हा संपवतो. पण पेट्रोल, थिनर, ऑइलपेंट, छपाईची शाई यांच्या वाफा हवेत असल्या, की त्यांच्यापासून बनणारी द्रव्ये त्या नायट्रिक ऑक्साइडला आधीच गाठतात आणि ओझोन साचत जातो. दिवाळीच्या रंगकामाचा वास आपल्याला नवेपणाचा वाटतो. तो याच वाफांचा असतो.

जमिनीलगत ओझोन कसा साचतो, हे कोडे लॉस एंजेलिसमध्ये सुटले. मूळचे डच असलेले आरी हागेन-स्मित तिथे अननसाच्या सुगंधाची रसायने शोधत होते. तीच नजर त्यांनी शहराच्या हवेकडे वळवली आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत या वाफांचा दोष प्रयोगाने दाखवून दिला. तेल उद्योगाने त्यांना खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ते मागे हटले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच झाले. अशा चिकाटीविषयी आम्हाला मनापासून आदर आहे.

मुंबईत माहुल-आंबापाड्याचे रहिवासी अशाच वाफांची तक्रार घेऊन हरित लवादाकडे गेले. तरीही आपले धोरण धुळीपाशीच थांबते. ओझोनची मर्यादा 2009पासून कागदावर आहे: आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. 2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे यश मात्र धूलिकणांवरच मोजले जाते. केवळ वाहने घटवूनही भागत नाही: 2020च्या टाळेबंदीत नायट्रोजनची ऑक्साइडे घटली, पण अनेक शहरांत ओझोन वाढला. म्हणून वाफांना हात घालावाच लागेल. पेट्रोल भरताना उडणारी वाफ प्रत्येक पंपावर परत ओढली जावी, रंगाच्या प्रत्येक डब्यावर त्यातल्या वाफांचे प्रमाण छापले जावे, आणि महापालिकांनी धुळीच्या आकड्याशेजारी ओझोनचाही आकडा रोज जाहीर करावा, ही आमची मागणी आहे.