बरणी कोणाची?

काही महिन्यांपूर्वी प्राध्यापकांसाठी भरलेल्या 'वेळेचे व्यवस्थापन' या कार्यशाळेला मी हजर होतो. मार्गदर्शकांनी टेबलावर काचेची एक बरणी ठेवली. आधी वाळू भरली तर मोठे दगड मावत नाहीत. आधी दगड ठेवले तर खडे आणि वाळू त्यांच्या फटींत आपोआप जाऊन बसतात, हे त्यांनी करून दाखवले. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक सहकारी बसल्या होत्या. दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत त्या शिकवतात. मधला वेळ एसटीत जातो, आणि घेतलेल्या तासांचे मानधन सत्र संपून काही महिने उलटल्यावर हाती येते. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, दगडांचा क्रम कळला. पण बरणी कोणाची?" सभागृह हसले. मार्गदर्शकही हसले आणि 'सकारात्मक दृष्टिकोन' या पुढच्या मुद्द्याकडे वळले. हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या हसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितो आहे.

व्यक्तिमत्त्वविकास आणि व्यवस्थापनकौशल्ये यांवरील पुस्तकांविषयी मराठीच्या प्राध्यापकांत दोनच प्रतिक्रिया आढळतात. एक नाक मुरडण्याची, दुसरी शरण जाण्याची. नाक मुरडणारे ही पुस्तके वाचत नाहीत. शरण जाणारे ती वाचतात, पण आपले वाचनाचे शिक्षण बाजूला ठेवून. वस्तुतः कोणतीही संहिता हाती आली की कोण बोलतो आहे, कोणाशी आणि काय गाळून, हे विचारणे हे आपले कामच आहे. कवितेला आपण हे प्रश्न विचारतो. मग या पुस्तकांनाच सवलत का?

या वाङ्मयाचे व्याकरण पाहा. त्याचा श्रोता नेहमी 'तुम्ही' असतो; रूपाने अनेकवचनी, आशयाने अगदी एकटा. त्याच्यासाठी येणारी क्रियापदे आज्ञार्थी: बदला, शिका, जुळवून घ्या. आणि जे निर्णय त्याच्या आयुष्यावर आदळतात ते मात्र कर्त्यावाचून येतात. बदल 'होतात', पुनर्रचना 'घडते', पदे 'कमी होतात'. कोणी तरी ती कमी करतो, ही गोष्ट वाक्यरचनेतूनच नाहीशी होते. स्पेन्सर जॉन्सन यांचे 'हू मूव्ह्ड माय चीज?' (१९९८) हे याचे ठळक उदाहरण. चक्रव्यूहात दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसे आहेत. एके दिवशी चीज नाहीसे होते. ते कोणी हलवले, हा प्रश्न शीर्षकातच आहे, पण पुस्तक त्याचे उत्तर देत नाही. उलट, तो प्रश्न विचारत बसणारा मूर्ख आणि निमूटपणे नवे चीज शोधायला निघणारा शहाणा ठरतो. चक्रव्यूह कोणी बांधला, हे विचारायला तर जागाच नाही. बरणीचा दाखला स्टीफन कोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'फर्स्ट थिंग्ज फर्स्ट' (१९९४) या पुस्तकामुळे दूरवर पोचला. त्यातही बरणीचा आकार आधीच ठरलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आमच्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या हव्या आहेत. मुलाखतीत त्यांना बोलता आले पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे, बैठकीचे इतिवृत्त तयार करता आले पाहिजे. हे सारे मला मान्य आहे. माझे भांडण कौशल्याशी नाही. कौशल्याच्या नावाने जे दिले जाते त्याच्याशी आहे. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ तिथे कागद, शाई आणि लेखणीविषयी सांगतात, ओळींच्या मांडणीविषयी सांगतात, अक्षराचे वळण शेवटपर्यंत एकसारखे राहावे हे सांगतात. हे खरे कौशल्यशिक्षण. ते हाताला काही तरी देते. 'आत्मविश्वास बाळगा' हे वाक्य हाताला काय देते?

दुसरे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चे. १७१५च्या सुमाराचा हा ग्रंथ म्हणजे कारभाराचेच शिक्षण आहे. पण तो बोलतो कोणाशी? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याशी. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे, असे तो बजावतो. 'आज्ञापत्र' लोकशाहीचा जाहीरनामा नव्हे. पण संयमाचा उपदेश तिथे कुऱ्हाड हातात असणाऱ्याला केलेला आहे. आजच्या कार्यशाळांत तो झाडाला केला जातो.

आणि वेळेचे व्यवस्थापनच शिकवायचे, तर नारायण मेघाजी लोखंडे यांचे का शिकवू नये? मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागणाऱ्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १८९० साली गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपला रविवार हा कोणाच्या सकारात्मक दृष्टिकोनातून उगवलेला नाही. लोखंडे 'दीनबंधू'चे संपादक होते, म्हणजे हा इतिहास मराठी गद्याचाही आहे. तो आपण विद्यार्थ्यांना किती सांगतो?

दोष केवळ बाहेरच्या मार्गदर्शकांना देऊन चालणार नाही. मराठी विभाग टिकला पाहिजे या धास्तीने आपणच ज्ञानेश्वरांपासून शिवरायांपर्यंत सर्वांना व्यवस्थापनगुरू केले. 'संतसाहित्यातील तणावमुक्ती' यावर निबंध वाचले आणि प्रमाणपत्रे फायलीत लावली. माझ्या फायलीतही अशी दोन आहेत. शब्दांविषयी तर आपण फारच बेफिकीर राहिलो. १९८५ ते २०२० या काळात देशाचे शिक्षणखाते मनुष्यबळ विकास मंत्रालय म्हणून ओळखले जात होते. माणूस म्हणजे 'बळ', म्हणजे वापरायची वस्तू, हे त्या शब्दात उघड दिसत असताना भाषेचे अध्यापक म्हणून आपल्यापैकी कितीजण अडखळले? २०२०मध्ये खात्याला शिक्षण मंत्रालय हे नाव परत मिळाले. पण आपल्या तोंडातले 'मनुष्यबळ' गेले नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ही पुस्तके वर्गात आणावीत आणि 'तुकारामाचा अभंग' ज्या बारकाईने वाचतो त्या बारकाईने वाचावीत. उपयोजित मराठीच्या तासाला अर्ज आणि इतिवृत्त जरूर शिकवावे. त्याबरोबर नियुक्तिपत्र, सेवाशर्ती आणि वेतनपत्रक वाचायलाही शिकवावे. कोणत्या वाक्यातून कर्ता गायब आहे हे ज्याला ओळखता येते, त्याला कार्यालयात सहजासहजी फसवता येत नाही. हे कौशल्य आपल्याकडे आहे, आणि ते बाहेरून कोणी येऊन शिकवण्याची गरज नाही.

त्या सहकारी बाईंनी पुढे थकलेल्या मानधनासाठी अर्ज लिहिला. मसुदा मला दाखवला. 'मानधन प्रलंबित आहे' हे त्यांचे वाक्य आम्ही बदलले आणि मानधन कोणी, कोणत्या महिन्यापासून दिलेले नाही, ते लिहिले. खाली त्यांच्यासह सात सह्या झाल्या. कायम नोकरीतल्या माणसाने अशा अर्जावर सही करावी का, याचा विचार मी दोन दिवस केला, हेही नमूद करतो. सातवी सही माझी आहे.