मोठ्या नावाच्या ओट्यावर दुकान मांडताना



मागच्या महिन्यात सिडकोतली आपली रविवारची बॅच संपली आणि एक मुलगा मागे थांबला. सगळे गेल्यावर म्हणाला, "सर, पाच मिनिटं बोलायचं होतं." वाळूजला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. रात्री घरी बसून मोबाईल गेम बनवतो, गेली तीन वर्षं. एक गेम प्ले स्टोअरवर टाकलाय, त्यातून लॅपटॉपचा हप्ता निघेल इतके पैसे येतात. आता त्याला एक ऑफर आली होती. गेमचं नवं दुकान, म्हणजे प्लॅटफॉर्म. फोनवरही चालणार आणि हातात धरून खेळायच्या मशीनवरही. मागे मोठं नाव. थोडा ॲडव्हान्स देणार, अट एकच: दोन वर्षं गेम फक्त त्यांच्याकडेच राहील.

त्याचा प्रश्न ऑफरबद्दल नव्हताच. तो म्हणाला, "सर, नोकरी सोडू का?"

व्हिडिओमध्ये मी याचं उत्तर थोडक्यात दिलं आणि बोलता बोलता सोनीचं नाव घेतलं. त्यावर खूप जणांनी विचारलं की सोनीचा हा किस्सा नेमका काय आहे. व्हिडिओत आकडे, तारखा सांगत बसलो की लोक पुढे सरकवतात, म्हणून इथे निवांत लिहितो. तुम्ही गेम बनवत नसाल, पापड-लोणची विकत असाल, हिमरूच्या शाली ऑनलाइन टाकत असाल, तरी वाचा. गोष्ट तुमचीच आहे.

प्लेस्टेशन सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीला जोडून खेळायचं सोनीचं मशीन. २०११ च्या जानेवारीत सोनीने जाहीर केलं की आता प्लेस्टेशनचे गेम फोनवरही येणार. नाव ठेवलं प्लेस्टेशन सूट. त्याच कार्यक्रमात त्यांनी आपलं हातातलं नवं मशीन दाखवलं, ज्याचं पुढे प्लेस्टेशन व्हिटा असं नाव झालं. त्याच वर्षी एक्सपिरिया प्ले नावाचा फोन आला. स्क्रीन सरकवली की खालून गेमची बटणं निघायची. दिसायला एकदम भारी! २०१२ मध्ये योजनेचं नाव बदलून प्लेस्टेशन मोबाईल झालं आणि एचटीसीसारखी बाहेरची कंपनीही त्यात आली. ३ ऑक्टोबर २०१२ ला दुकान उघडलं, नऊ देशांत. भारत त्या यादीत नव्हता.

यात छोट्या माणसाला ओढणारी गोष्ट कोणती होती? तोपर्यंत प्लेस्टेशनसाठी गेम करणं म्हणजे मोठ्या स्टुडिओचं काम. महागडी किट, करार, परवानग्या. इथे मात्र घरी बसलेला एकटा माणूससुद्धा सोनीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून गेम लिहू शकत होता. प्रकाशनाची फी वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच हजारांच्या आसपास. २०१३ च्या मे महिन्यात तर तीही माफ केली. विचार करा, पाच हजारांत प्लेस्टेशनच्या दुकानात तुमच्या नावाची पाटी! मी गेम बनवणारा असतो तर मीही उडी मारली असती, खोटं कशाला बोलू.

आणि मग काय झालं? २०१४ मध्ये सोनीने नव्या अँड्रॉइड फोनांची साथ सोडली. २०१५ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की दुकान बंद होतंय. १५ जुलै २०१५ ला विक्री थांबली. १० सप्टेंबरनंतर तर ज्यांनी आधी पैसे देऊन गेम घेतला होता त्यांनाही तो पुन्हा डाउनलोड करता येईना. उघडल्यापासून तीन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नाहीत.

मंडळी, इथे सोनीला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. धंदा चालला नाही तर शटर ओढणं हा कुठल्याही मालकाचा हक्क आहे. मला बघायचंय की शटर खाली येणार हे आधी दिसत होतं का. माझ्या मते दिसत होतं.

एक तर गिऱ्हाईक. फोनवाल्याच्या खिशात तेव्हा गुगलचं किंवा ॲपलचं दुकान आधीपासून होतं. त्याने ते सोडून दुसऱ्या दुकानात का जावं? त्यातही प्लेस्टेशन मोबाईल प्रत्येक फोनवर चालत नव्हतं, सोनीने प्रमाणपत्र दिलेल्या ठराविक फोनांवरच. म्हणजे गुलमंडीत रस्त्यालगत उघडी दुकानं असताना गल्लीत आत, पहिल्या मजल्यावर, आणि तेही ठराविक लोकांनाच जिना चढू देणार. अशा ठिकाणी पागडी कमी लागते, बरोबर आहे. पण का कमी लागते, हेही विचारायला हवं ना?

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. मालकासाठी हा धंदा भाकरी आहे की लोणचं? सोनीची भाकरी होती टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ आलं आणि तुफान चाललं. फोनवरचं दुकान हे ताटातलं लोणचं. असलं तर बरं, नसलं तरी जेवण होतं. ताटातून लोणचं काढलं तर जेवणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्याने फक्त लोणच्याचाच कारखाना टाकलाय त्याचं बिघडतं. त्या दुकानासाठी रात्री जागून गेम लिहिणाऱ्या पोरांची ती भाकरी होती.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. २०२२ मध्ये सोनी पुन्हा मोबाईलकडे वळली. सॅव्हेज गेम स्टुडिओज नावाचा स्टुडिओ विकत घेतला, पुढे त्याचं नाव निऑन कोई झालं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद केला, एकही गेम बाजारात यायच्या आत. लोणचंच ते.

माझा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय हे लिहिणं बरोबर होणार नाही. चॅनल सुरू करायच्या आधी मी माझे कोर्स एका ट्रेनिंग ॲपवर विकायचो. नाव घेत नाही. सगळं त्यांच्याकडेच: व्हिडिओ, फी, विद्यार्थ्यांची यादी. मला वाटायचं, बरंय, डोक्याला ताप नाही. एक दिवस मेल आला की तीस दिवसांत सेवा बंद. व्हिडिओ उतरवून घेतले. पण विद्यार्थ्यांचे मोबाईल नंबर मला दिसायचेच नाहीत, ते ॲपच्या मालकाचे होते. चार वर्षांत जोडलेली माणसं, त्यातले जेमतेम चाळीस-पन्नास माझ्या फोनमध्ये सेव्ह होते. बाकीच्यांना आजही वाटत असेल की सर पैसे घेऊन गायब झाले. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. पैशाचं नुकसान वर्षभरात भरून निघालं.

म्हणून आज प्रत्येक बॅचला मी वही फिरवतो. काही जण हसतात, ऑनलाइनच्या जमान्यात वही. हसू द्या.

आता तुम्ही म्हणाल, मग प्लॅटफॉर्म वापरायचाच नाही का? वापरायचा! आपल्या शहरात राहून असा प्रश्न विचारणं म्हणजे जरा गंमतच आहे. वाळूज उभं कशावर राहिलं? ऐंशीच्या दशकात बजाज ऑटो तिथे आली आणि तिच्या सावलीत शेकडो छोटे पुरवठादार उभे राहिले. एका मोठ्या गिऱ्हाइकावर जगणं हे या शहराला कुणी शिकवायला नको. एन्ड्युरन्स बघा. १९८५ मध्ये इथे ॲल्युमिनियम कास्टिंगची दोन मशीन घेऊन सुरुवात. बजाजशी त्यांचं घरचं नातं होतं, हे खरं आहे, आणि तुमचं-माझं तसं नातं नसतं, हेही खरं. पण ते तेवढ्यावर बसून राहिले नाहीत. रॉयल एनफील्ड, होंडा, यामाहा अशी गिऱ्हाइकं जोडली, इटली-जर्मनीतले कारखाने घेतले, २०१६ मध्ये शेअर बाजारात आले. बजाजचं काम सोडलं का? नाही. पहिलं गिऱ्हाईक धरून ठेवलं आणि दुसरं शोधलं. ज्या वर्कशॉपवाल्यांनी एकाच पार्टसाठी, एकाच कंपनीसाठी सगळी मशीन लावली आणि पार्टचं डिझाइन बदलल्यावर डोक्याला हात लावला, असेही तुमच्या ओळखीत असतील. माझ्या ओळखीत आहेत.

गेमच्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याकडे बघा. नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ. त्यांनी 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, आपल्या पुराणकथांची दुनिया. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीकडून अनुदान मिळालं, मग प्रकाशक मिळाला. आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला तो कुठे? निन्टेंडो स्विचवर. म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर, मोठ्या नावाच्या ओट्यावरच! फक्त त्यांच्याकडेच, ही अटही होती. पण किती दिवस? दोन महिन्यांच्या आत तोच गेम पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. पुढे नेटफ्लिक्सतर्फे फोनवरही आला.

बघा, निन्टेंडोला 'फक्त आमच्याकडे' म्हणायला मिळालं, स्टुडिओला सुरुवातीची प्रसिद्धी मिळाली, आणि गेम पुढच्या दुकानात न्यायची वाट मोकळी राहिली. त्यांनी गेम बांधला तोही अनरिअलवर, जे सगळ्या मशीनवर चालतं. प्लेस्टेशन मोबाईलमध्ये सी शार्प भाषा वापरायचे, त्यामुळे ती शिकलेल्यांचं शिक्षण वाया गेलं नाही, पण जो कोड सोनीच्याच लायब्ररीला धरून लिहिला होता तो दुसरीकडे न्यायचा म्हणजे बराचसा नव्याने लिहायचा. तुमच्या धंद्यात हे कसं दिसतं? डब्यावर तुमचं लेबल आहे की ॲपवाल्याचं, रेसिपी तुमची आहे की त्यांच्या मेन्यूप्रमाणे बदललेली, फोटो तुमच्याकडे आहेत की फक्त त्यांच्या पेजवर. असल्या साध्या साध्या गोष्टीत.

आणि कधी कधी मालकाची चूकही नसते. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा सरकारने एका रात्रीत ५९ ॲप बंद केली. आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यातली पोरं तेव्हा लाखांत फॉलोअर घेऊन बसली होती. ज्यांनी आपल्या लोकांना आधीच यूट्यूबवर, इन्स्टावर बोलावून ठेवलं होतं त्यांना धक्का कमी बसला. बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली.

तर त्या मुलाचं. नोकरी सोडू नको, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. ॲडव्हान्सची रक्कम त्याच्या पाच महिन्यांच्या पगाराइतकी होती आणि अट दोन वर्षांची. हा हिशोब करायला माझी फी लागत नाही. पण ऑफर नाकार, असं मी म्हटलं नाही. आम्ही दोघांनी बसून एक मेल लिहिला. त्यात विचारलं की दोन वर्षांऐवजी सहा महिने चालतील का. तुम्ही दुकान बंद केलं तर अट त्याच दिवशी संपेल, हे करारात लिहून द्याल का. गेमचं नाव आणि पात्रं माझीच राहतील ना. गेमच्या पहिल्या स्क्रीनवर माझ्या स्वतःच्या पेजची लिंक टाकू देणार का. आणि हो, भारतात तुमचे ग्राहक आज किती आहेत.

मेल पाठवताना तो घाबरला होता. म्हणाला, "सर, एवढी मोठी कंपनी, रागावून ऑफर काढून घेतली तर?" मी म्हटलं, एवढ्या प्रश्नांवर रागावणारा मालक दोन वर्षं तुझ्याशी नीट वागेल का?

परवा त्याचा फोन आला. सहा महिने मान्य आहेत म्हणे, ॲडव्हान्स निम्मा. नाव आणि पात्रं त्याचीच राहतील. लिंक टाकायला नाही म्हणाले. दुकान बंद झालं तर काय, यावर अजून उत्तर नाही, "लीगलकडे आहे" असं कळवलंय. तो उत्तराची वाट बघतोय, सही केलेली नाही. सध्या सेकंड शिफ्ट चालू आहे, रात्री साडेअकराला घरी येतो आणि मग लॅपटॉप उघडतो. उत्तर आलं की रविवारी बॅचला येऊन सगळ्यांना सांगणार आहे. तुम्हीही या, आणि येताना तुमचा एखादा करार असेल तर त्याची झेरॉक्स घेऊन या.