सरायीचा किल्ला

नदीला जेथे उतार असतो, तेथून माल पलीकडे जातो. आणि जेथून माल जातो, तेथे मुक्काम, जकात व पहारा ही तिन्ही एकामागून एक येतात. पंजाबात सतलजच्या उत्तर तीरावरील फिल्लौर हे असेच ठिकाण. दिल्ली-लाहोर हा जुना राजमार्ग येथे नदी ओलांडतो. मोगल काळी येथे वाटसरूंसाठी सराय होती. तिची भिंत आत निजलेल्या पांथस्थांच्या व त्यांच्या मालाच्या रक्षणासाठी होती.

२५ एप्रिल १८०९ रोजी अमृतसरचा तह झाला आणि सतलज ही महाराजा रणजितसिंह व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामधील सरहद्द ठरली. कंपनीची छावणी दक्षिणेस लुधियान्यात बसली. तिला उत्तर म्हणून महाराजांनी फिल्लौरच्या सरायीचा किल्ला केला व तो दिवाण मोहकमचंद यांच्या स्वाधीन केला. पांथस्थांचा आसरा असा उताराचा पहारेकरी झाला.

१८४६ च्या लाहोर तहाने जालंदर दुआब कंपनीकडे गेला, सरहद्द पुढे सरकली आणि किल्ल्यात इंग्रजांचा दारूगोळा साठू लागला. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यासाठी तोफा निघाल्या त्या येथूनच. होड्यांच्या पुलावरून त्या पार होतात न होतात, तोच पुराच्या लोंढ्याने पूल वाहून गेला. १८७० मध्ये रेल्वेचा पूल झाला व उताराचे महत्त्व संपले. १८९१ पासून किल्ल्यात पोलिसांचे प्रशिक्षण चालते, ते आजतागायत.

पलीकडे लुधियान्यात मात्र १८३० नंतरच्या दशकात दुष्काळामुळे काश्मीर सोडून आलेले शालींचे विणकर स्थायिक झाले. छावणीचे ते गाव पुढे लोकरी कापडाची मोठी पेठ बनले आणि तेथील जैन व्यापारी घराण्यांनीही या धंद्यात नाव मिळवले.

हिशेब मांडला तर मन थबकते. ज्या सरहद्दीसाठी सरायीचा किल्ला झाला, ती अवघी ३७ वर्षे टिकली. सराय मात्र पुन्हा सराय झाली नाही. वाटणीच्या वेळी घराच्या अंगणात उभ्या राहिलेल्या भिंतींचेही असेच होते. भांडण एका पिढीचे, भिंत पुढच्या चार पिढ्यांची. संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ते वीट रचण्याआधी म्हटलेले बरे.