चिखलात विमान उतरेल का?

पावसाळ्यात चोपड्याच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की तो काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. सगळे वजन चाकाखालच्या थोड्याशा जागेवर आले की ओली माती दबते. मोठ्या मालवाहू विमानांची अडचण हीच; म्हणून त्यांना जाड, पक्की धावपट्टी लागते.

यावर एक उपाय म्हणजे चाकांऐवजी हवेची गादी, अर्थात ‘एअर कुशन’. तटरक्षक दलासाठी अशा गादीवर चालणारी सहा होव्हरक्राफ्ट बांधण्याचा ३८७ कोटी ४४ लाख रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याच्या चौगुले कंपनीशी केला. पाणी, वाळू, चिखल यांवरून ही वाहने सहज जातात. मग विमान का नाही?

तो प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिका आणि कॅनडाने ‘बफेलो’ या मालवाहू विमानाच्या पोटाखाली रबराचे मोठे फुगीर कडे बसवले. पंख्यांनी त्यात हवा भरली जाई, ती खालच्या बारीक छिद्रांतून निसटे आणि कड्याच्या आत कोंडलेली हवा विमान तोलून धरी. १९७५ मध्ये हे विमान या गादीवरून उडाले आणि तिच्यावर उतरलेही. जमिनीवर पडणारा दाब चालत्या माणसाच्या पावलाखालच्या दाबापेक्षा कमी होता.

तरीही ही पद्धत रूढ झाली नाही. हवा पुरवायला दोन जादा इंजिने लागली. म्हणजे तेवढा माल कमी. रबर झिजते. शिवाय गादीला जमिनीची पकड नसते, त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान सरळ ठेवणे अवघड.

खानदेशापुरते बोलायचे तर जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. पूर्ण भरलेल्या मोठ्या मालवाहू विमानाला उडायला अनेकदा अडीच-तीन हजार मीटर लागतात. गादी मऊ जमीन चालवून घेते, अपुरी लांबी नाही.

आणि आपली केळी? किलोमागे मिळणाऱ्या भावात विमानभाडे निघत नाही. ती आखाती देशांत जातात ती १३-१४ अंशांवर ठेवलेल्या कंटेनरमधून, जहाजाने. त्यामुळे विमान बांधापर्यंत येण्यापेक्षा घड कापल्यावर काही तासांत शीतगृह मिळणे शेतकऱ्याच्या जास्त कामाचे. पूरग्रस्त भागात मदत पोहोचवायला मात्र हवेच्या गादीचा विचार पुन्हा करण्यासारखा आहे. तिथे भाड्यापेक्षा वेळ महाग असतो.