अहवाल ‘नॉर्मल’, रुग्ण मात्र बेजार

मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडविकार यांसारखे आजार एकदा जडले की बहुधा आयुष्यभराची सोबत करतात. ते समूळ बरे होणार नसतील, तर उपचारांचे यश मोजायचे कशावर? साखर आटोक्यात आली की डॉक्टरांचे समाधान होते. परंतु रुग्णाला रात्री झोप लागते का, जिना चढता येतो का, मन उदास असते का, याची नोंद केसपेपरवर क्वचितच होते. ही नोंद रुग्णानेच ठरावीक प्रश्नावलीद्वारे करावी आणि तिच्या आधारे उपचारांची दिशा ठरावी, हा विचार आता जगभर मूळ धरू लागला आहे.

त्याला मोठे बळ दिले ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील अभ्यासाने. शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे ७६६ रुग्ण त्यात सहभागी होते. त्यांपैकी एका गटाने वेदना, मळमळ, थकवा अशा १२ लक्षणांची तीव्रता संगणकावर नोंदविली. त्रास बळावताच परिचारिकेला सूचना जात असे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेले रुग्ण मध्यमानाने २६ महिने जगले, तर नोंदी करणारे ३१.२ महिने.

मात्र या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतीलच ५२ केंद्रांत १,१९१ रुग्णांवर पुढे झालेल्या ‘प्रो-टेक्ट’ चाचणीत आयुर्मानात असा फरक आढळला नाही. तरीही रुग्णांची शारीरिक क्षमता आणि जगण्याचा दर्जा सुधारला, तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळही लांबली. आयुष्य वाढले नाही तरी ते सुसह्य झाले, हा लाभ दीर्घकालीन आजारात लहान म्हणता येणार नाही.

भारतात या दिशेने पायाभरणी झाली आहे. हालचाल, स्वतःची निगा, दैनंदिन कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य या पाच निकषांवर आधारित ‘ईक्यू-५डी’ प्रश्नावलीसाठी चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये भारतीय मूल्यमापन प्रसिद्ध केले. मात्र त्याचा उपयोग मुख्यत्वे कोणत्या उपचारांवर सरकारने पैसा खर्च करावा, हे ठरविण्यासाठी आहे. समोर बसलेल्या रुग्णाची गोळी बदलावी का, हा निर्णय त्यातून आपोआप होत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. २०१७ मधील एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार प्राथमिक तपासणीला स्वीडनमध्ये सरासरी २२.५ मिनिटे मिळतात, भारतात जेमतेम दोन. अशा बाह्यरुग्ण विभागात प्रश्नावली हा आणखी एक कागद ठरण्याची भीती आहे. शिवाय वर्षानुवर्षे दुखणे अंगवळणी पडलेला रुग्ण ‘बरे आहे’ असेच सांगतो. निरक्षर रुग्णासाठी प्रश्न कोणी वाचून दाखवायचे, हाही मुद्दा आहेच.

त्यामुळे अर्ज छापून भागणार नाही. मोजके प्रश्न, रुग्णाची बोली आणि उत्तर वाचून पुढची हालचाल करणारी जबाबदार परिचारिका, ही साखळी आधी उभी राहायला हवी. विचारपूस करूनही काहीच केले जात नसेल, तर रुग्ण पुढच्या खेपेस मनातले सांगणेच सोडून देईल.