नायगावचा मोर आणि पेरणीचे बियाणे

हिमालयाच्या उंच अरण्यांत राहणारा, इंद्रधनुष्याची कांती अंगावर मिरविणारा मोनाल पाहावयास लोक हौसेने दूरवर जातात, आणि त्यात वावगे काही नाही; परंतु त्याच कुक्कुटकुलातील मोर आमच्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या रखरखीत डोंगरांत, काटेरी झुडपांच्या आडोशाने आणि उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या पाणवठ्यांच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, याची दखल या मुलखाबाहेर क्वचितच घेतली जाते.

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार निषिद्ध झाली आणि १९९४ साली नायगाव येथे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य जाहीर झाले. दप्तरी बंदोबस्त असा चोख आहे. पण मोर हा दाणे, किडे आणि कोवळे कोंभ टिपणारा पक्षी असल्यामुळे उजाडताच तो डोंगर उतरून शिवारात येतो, आणि तेथे अभयारण्याची हद्द संपलेली असते.

मृगाचे आभाळ भरून येते, नराचा दीडशेच्या आसपास पिसांचा पिसारा ऐन बहरात असतो, लांडोर झुडपाखालच्या साध्या खळग्यात चार-सहा अंडी घालून सुमारे अठ्ठावीस दिवस ती उबवीत बसते. आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजरी, तूर, सोयाबीन यांचे औषध चोळलेले बियाणे रानोमाळ पडते. नीट न झाकलेला किंवा बांधावर सांडलेला असा दाणा मोराच्या जिवावर बेतू शकतो, आणि लांडोर मेली की तिची अंडीही वाया जातात.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते. ज्याच्या डोक्यावर दुबार पेरणीची टांगती तलवार असते, त्याने उगवलेले कोंभ पाखरांनी खुडलेले पाहून संतापू नये, अशी अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे. म्हणून सरकारने अशा नुकसानीचा पंचनामा विनाविलंब करून भरपाई रोख द्यावी, आणि चैत्र-वैशाखात अभयारण्यातील पाणवठे कोरडे पडू देऊ नयेत.

शेतकरी बंधूंना माझी विनंती एवढीच, की येत्या पेरणीस बियाणे मातीआड नीट झाका, पिशवीतले उरलेसुरले बांधावर झटकू नका, आणि सांडलेला दाणा वेचून खोल पुरा.