बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी सोडू नका

"आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" हा प्रश्न आपल्या घराघरांत ऐकू येतो. उत्तर सोपे आहे: बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळेच. गोळी आजार मुळापासून काढत नाही, आटोक्यात ठेवते. ती सोडली की बहुतेकांचा रक्तदाब पुन्हा चढतो, आणि चढताना सांगून चढत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे सगळे ठीक, हा भ्रम आहे. आतल्या आत मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण पडतच असतो. मग एके दिवशी घरातला कमावता माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो.

वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसून मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा वर येत असेल, तर टाळाटाळ नको. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी असावे. त्यात पापड-लोणच्यातलेही आलेच.

रमजानमध्ये गोळीची वेळ मनाने बदलू नका. आधीच डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?